एकक न लिहिलेल्या विहिरी

अकोल्याच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं. त्या अठ्ठावीस वर्षांत किती मुलांचा अर्धा गुण कापला, ते देवालाच ठाऊक. उत्तर बरोबर असलं तरी पुढे मीटर, लिटर, ग्रॅम लिहिलेलं नसलं की अर्धा गुण गेला. पालक भांडायला यायचे. उत्तर तर बरोबर आहे ना, म्हणायचे. मी म्हणायचो, बारा म्हणजे काय? बारा आंबे की बारा गाढवं? हे वाक्य शाळेत इतकं गाजलं की माझ्या निरोपसमारंभात एका जुन्या विद्यार्थ्याने माझी नक्कल करून तेच म्हटलं आणि सगळे हसले. मीही हसलो. मी स्वतः दोनशे सात वेळा तीच चूक करून बसलोय, आणि तीही साऱ्या जगाला दिसेल अशा जागी, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

नकाशाची गोष्ट आधी सांगतो. इंटरनेटवर एक नकाशा आहे. तो कुठल्या कंपनीचा नाही की सरकारचा नाही. ज्याला वाटेल त्याने त्यात आपलं गाव भरायचं, रस्ता, देऊळ, दवाखाना, हापसी, जे दिसेल ते. दुसऱ्याला चूक दिसली तर त्याने ती सुधारायची. आमच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या तरुण मास्तरने मला तो दाखवला आणि मी लगेच त्यात माझं नांदगाव खंडेश्वर शोधलं. सापडलं ते एवढंच: बडनेऱ्याकडून यवतमाळकडे जाणारी एक रेघ, रेघेवर ठिपका, ठिपक्याशेजारी नाव, आणि तेही चुकीचं. बाकी सगळं कोरं. तिकडे युरोपातल्या कुठल्याशा गावातल्या बागेची बाकडीसुद्धा एकेक करून मांडलेली. मला राग आला. राग मला लवकर येतो, अकोल्यात कोणालाही विचारा. ही कोरी जागा आपणच भरायची, असं मी त्या दुपारी शाळेच्या संगणकखोलीत बसून ठरवलं.

रस्ते, शाळा, बाजार, खंडेश्वराचं देऊळ, हे दोन-तीन रविवारांत झालं. मग शेतं आली. काळ्या रानात नकाशावर दाखवण्यासारखं काय असतं? धुरे, म्हणजे शेताचे बांध, रोज थोडे सरकतात, पांदणवाट पावसाळ्यात बुडते. उरतात विहिरी. आणि विहिरी म्हटल्या की नांदगावात एकच माणूस होता, माझा मित्र.

आम्ही दोघं दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी कॉलेजसाठी अमरावतीला गेलो आणि तो बापाच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात बसला. विहिरीत मोटार सोडायची, जळालेली काढायची, तिची तार नव्याने गुंडाळायची आणि पुन्हा सोडायची, हे त्याचं काम. आजूबाजूच्या वीस-बावीस गावांतल्या विहिरी त्याला पाठ होत्या. सहा फुटांवर उंच, कायम ऑइलने काळे झालेले पंजे, आणि बोलणं असं की पुण्याच्या माणसाला वाटावं भांडतोय. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याला ते आवडलं नसतं. दुकानाच्या पाटीवरसुद्धा त्याने शेवटपर्यंत बापाचंच नाव ठेवलं होतं.

मला वाटलं होतं नकाशाचं खूळ ऐकून तो माझी टर उडवेल. ती त्याने उडवलीच, पण तयारही झाला. त्याचं कारण त्याचं स्वतःचं होतं.

"टाक बे तुह्या नकाशात," तो म्हणाला. "जेवाले बसलो का फोन येते. भाऊ, माह्या इहिरीले पाइप किती लागन? आता मी का यायच्या इहिरीचा बाप हाव? मोबाइलात पाहून घ्या म्हना."

तेव्हापासून रविवार ठरून गेला. सकाळच्या गाडीने अकोल्याहून बडनेऱ्याला यायचं. स्टेशनाबाहेर तो मोटारसायकल घेऊन उभा, तोंडात सुपारी, आणि गाडीला उशीर झाला असला तर तो जणू मीच केला अशा चेहऱ्याने. तिथून नांदगावच्या रानात. दिवसाला एक-दोन विहिरी व्हायच्या. फोनमध्ये जागेची खूण मी करायचो, खोली तो सांगायचा, आणि मी ती वहीत टिपायचो.

त्यातल्या बऱ्याच विहिरींची खोली त्याला तोंडपाठ होती, तरी तो पुन्हा मोजायचा. पद्धत बापाची. दोराला एक जुनं जड बेअरिंग बांधलेलं, ते विहिरीत सोडायचं. तळाला टेकलं की दोर सैल पडतो, आणि ते बोटांना कळावं लागतं. मग काठाशी दोराला गाठ मारायची, तो वर ओढायचा, आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दोर मोजत जायचं. तेवढा एक हात. पहिल्या हाताला 'एक' म्हणायचं नाही, 'बरकत' म्हणायचं. बरकत, दोन, तीन, चार. आमच्या घरी धान्य मोजताना पहिल्या पायलीला 'लाभ' म्हणत, तसंच ते. मी एकदा खिशातून टेप काढला तेव्हा तो हसला. टेप गंजते, म्हणाला, हात गंजते का बे?

अर्ध्या हाताचाही फरक त्याला चालायचा नाही. एका विहिरीत त्याला शंका आली की बेअरिंग तळाला न टेकता मधल्या दगडावर टेकलंय. त्याने भर एप्रिलच्या उन्हात तीनदा दोर सोडला. मला परतीची गाडी गाठायची होती. मी म्हणालो, चौतीस लिहितो, अर्ध्या हाताने काय आभाळ कोसळणार आहे? त्याने दोर खाली ठेवला आणि मला शाळेतल्या मुलासारखं समजावलं. मोटार अर्धा हात वर राहिली तर पाण्याऐवजी हवा ओढते. हवा ओढली की जळते. जळाली की शेतकरी शिव्या त्याला घालतो, मास्तरला नाही. गाडी त्या दिवशी चुकली आणि मी त्याच्याकडे राहिलो. भाभीने भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं. गाडी चुकली याचा आनंद मी त्याला दाखवला नाही, एवढं मात्र आठवतं.

अकोल्याला परतल्यावर मी वहीतले आकडे नकाशात चढवायचो. विहिरीचा ठिपका ठेवायचा, समोर 'खोली' असा रकाना येतो, त्यात आकडा लिहायचा. छत्तीस. पंचवीस. एकेचाळीस. पुढे काही नाही. आता कोणी विचारेल, दुसऱ्यांचे अर्धे गुण कापणाऱ्या माणसाला एवढं सुचलं नाही? नाही सुचलं. आमच्याकडे विहिरीच्या आकड्यापुढे कोणी काही बोलतच नाही. 'त्याची छत्तीसची इहीर हाये' म्हटलं की झालं. लहानपणापासून मी हे असंच ऐकलं होतं. विहीर हातांत मोजतात हे मला इतकं माहीत होतं की ते लिहायची गोष्ट आहे असं वाटलंच नाही. त्याला तर वाटायचं कारणच नव्हतं.

ते रविवार तीन-साडेतीन वर्षं चालले. वर्षं वाईट होती. पहिल्या वर्षी आम्ही एखाद्या रानात पोचायचो तेव्हा त्याला मोटार सोडायची असायची. तिसऱ्या वर्षी काढायची असायची. विहिरी फेब्रुवारीतच कोरड्या पडायला लागल्या. ज्याला जमलं त्याने बोअर मारलं, आणि ज्याला जमलं नाही त्याने मोटार काढून विकायला त्याच्या दुकानात आणून ठेवली. घ्यायला कोणी नव्हतं. दुकानात मोटारींची रांग लागली आणि बसायला जागा उरली नाही. त्याची सासुरवाडी वरुडची. तिकडे संत्र्याची झाडं तोडून जळण म्हणून ट्रॅक्टरमध्ये भरत होते. ते बघून आल्यावर तो दोन रविवार धड बोलला नाही. आणखी एक होतं. विहिरीत माणूस सापडला की बाहेर काढायला त्यालाच बोलावत, कारण दोर आणि गळ त्याच्याकडे. त्या वर्षांत हे बोलावणं बऱ्याचदा आलं. अशा विहिरीजवळून जाताना तो गाडी थांबवायचा नाही. मी मागून विचारलं, ही राहिली का रे, तर एवढंच म्हणायचा, हे राहू दे. अशा पाच विहिरी आमच्या नकाशात नाहीत.

मग एका डिसेंबरात तोच गेला. सकाळी छातीत दुखलं, अमरावतीला नेईपर्यंतही टिकला नाही. मी अकोल्याहून पोचलो तेव्हा कबर भरत आली होती. मूठभर माती टाकायला मिळाली, तेवढंच.

त्यानंतर मी सकाळची ती गाडी धरली नाही आणि नकाशाही उघडला नाही. त्याची आठवण येते असं म्हणणं फारच कमी आहे. रविवारी सकाळी मला घरात बसवत नाही. चपला घालतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो. बायको म्हणते, जा की कुठेतरी. कुठे जाऊ? शिव्या देणारा माणूस नसला की माणसाला गावच उरत नाही, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

निवृत्त झालो. वेळ जाईना म्हणून एक दिवस, तो गेल्यावर चार वर्षांनी, नकाशाचं खातं उघडलं, तर त्यात एक निरोप येऊन पडला होता. परदेशातल्या कोणा स्वयंसेवकाचा. जगभरच्या नकाशातले विचित्र आकडे शोधून तपासायचे, हे काम त्याने स्वतःहून अंगावर घेतलेलं. मी मनात त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. साहेबाने अत्यंत नम्रपणे विचारलं होतं: माणसांनी खोदलेली विहीर एकेचाळीस मीटर खोल? आणि एकाच तालुक्यात अशा दोनशे सात? पुढे त्याने नियमही समजावला होता. खोलीच्या रकान्यात नुसता आकडा असला तर नकाशा तो मीटरच धरतो. दुसरं काही असेल तर आकड्यानंतर एक जागा सोडून एकक लिहायचं.

मी ते दोनदा वाचलं. मग उठून पाणी प्यायलो. दोनशे सात अर्धे गुण म्हणजे एकशे साडेतीन, हे डोक्यात आपोआप झालं.

मी उत्तर पाठवलं की ते मीटर नाहीत, हात आहेत. साहेबाचं उत्तर लगेच आलं. छान, पण कोणता हात? त्याने पुस्तकं चाळली होती. हिंदुस्थानात प्रांतोप्रांती हात वेगळा, काही ठिकाणी अठरा इंचांचा, काही ठिकाणी जास्त. लांबी ठाऊक नसलेलं एकक नकाशात ठेवता येत नाही. तुमची हरकत नसेल तर अठरा इंच धरून सगळ्याचे मीटर करून टाकू. नाहीतर महिनाभर वाट बघून खोलीचे आकडे काढावे लागतील. विहिरींचे ठिपके राहतील.

सगळ्याला एकदम गुणून टाकायला माझं काय जात होतं? यंत्राचं क्षणाचं काम. पण अठरा इंच हा कोणातरी बेताच्या माणसाचा हात. माझा मित्र सहा फुटांवर. छत्तीसच्या विहिरीत पाऊण मीटरचा फरक पडला असता, म्हणजे त्याच्या नावावर दोनशे सात जळालेल्या मोटारी. आणि आकडे काढू दिले तर? दुकान बंद झालं होतं. त्याने सोडलेल्या मोटारी निघाल्या होत्या. त्याने आयुष्यभर केलेल्या कामातलं कुठे लिहून ठेवलेलं असं फक्त हे दोनशे सात आकडे होते, आणि ते खरे ठरायला त्याच्या कोपरापासून बोटापर्यंतची लांबी हवी होती. ती जमिनीखाली होती.

मी नांदगावला गेलो. भाभी आता घरी शिलाईचं काम करतात, ब्लाउज आणि फॉल. मुलगा पुण्याला नोकरीला असतो. चहा झाल्यावर मी चाचरत विचारलं, त्याचा एखादा जुना सदरा आहे का, बाहीवरून हाताची लांबी काढता येईल का. भाभींना आधी हसू आलं, मग त्यांनी ओढणीने डोळे पुसले. पेटीतून एक निळा सदरा काढून माझ्या मांडीवर ठेवला. बाही खांद्यापासून मनगटापर्यंत होती. कोपर कुठे आणि बोटं कुठे हे त्यात कसं कळणार? मी तो उलटसुलट करत बसलो. मग विचारलं, मुलाचा हात मोजला तर? भाभी म्हणाल्या, तो माझ्यावर गेलाय, बापाच्या खांद्याला लागत होता. त्या मशीनवर बसल्या, सुईत दोरा ओवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"भाईसाब, इहिरी तं तिथंच हाईत ना? त्यायले टेप लावा. त्यांचा आकडा तुमच्यापाशी लिवलेला हाये. भागाकार तुमालेच येते."

अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलेला मी. हे गणित सहावीच्या पोराला सुटलं असतं. मी सदरा घडी करून परत दिला आणि निघालो.

अमरावतीच्या हार्डवेअरच्या दुकानातून तीस मीटरचा टेप घेतला, लोखंडी तुकडा बांधला, आणि दुसऱ्या रविवारी त्याच सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलो. स्टेशनाबाहेर उगाच इकडेतिकडे बघितलं. मग ऑटो केला. ज्या विहिरी नंतर कोणी खोल केलेल्या नाहीत अशाच मी निवडल्या होत्या. पहिली छत्तीसची. टेप सतरा मीटर तीस सेंटिमीटरवर थांबला. काठावर बसून वहीत भागाकार केला: अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. दुसरी पंचवीसची, बारा मीटर पाच सेंटिमीटर. पुन्हा अठ्ठेचाळीस, वर थोडं. तिसरी एकेचाळीसची. तिथेही अठ्ठेचाळीस, थोडं कमी. वेगळी गावं, वेगळी वर्षं, एकदा त्याला ताप होता आणि एकदा आमचं भांडण झालं होतं, तरी हात तेवढाच.

तिसऱ्या विहिरीच्या काठावर मी टेप अठ्ठेचाळीस सेंटिमीटर ओढून मांडीवर धरला. कोपर इथे. मधलं बोट इथे. एवढा होता. उठताना टेप आत सोडवेना.

आणखी दोन रविवार गेले. मन भरत नव्हतं म्हणून मोजत गेलो, हे आता कबूल करतो. साहेबासाठी तीन पुरे होत्या. दहा विहिरी झाल्या आणि दहाही ठिकाणी तो सापडला. अकरावी तीसची होती. टेप तेरा मीटर वीसवर थांबला. भागाकार केला तर चव्वेचाळीस. पुन्हा टेप सोडला, पुन्हा तेच. मी ठरवलं, तळाशी गाळ बसलाय, आणि वहीत तसं लिहायला घेतलं.

विहिरीचे मालक जवळच बाजेवर बसले होते. पंचाहत्तरीच्या पुढचे, डोळ्यांनी कमी दिसणारे. गाळ म्हटल्यावर त्यांना राग आला. गेल्या उन्हाळ्यात स्वतःच्या पैशाने गाळ काढलाय, म्हणाले, तळाचा खडक दिसतो, वाकून बघा. मग त्यांनी विचारलं, लिहिलेलं किती आहे तुमच्याकडे? मी सांगितलं, तीस.

"तीस नाई," ते म्हणाले. "साडेसत्तावीसची हाये माही इहीर. त्यानं आधी दोनदा मोजली व्हती."

मी मनात गुणाकार केला. साडेसत्तावीस गुणिले अठ्ठेचाळीस, तेरा मीटर वीस. तंतोतंत. मी विचारलं, मग तीस कोणी सांगितलं? त्यांनी बोट माझ्याकडे केलं.

तेव्हा मला ते आठवलं, इतक्या वर्षांत एकदाही न आठवलेलं. त्या दिवशी त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. आदल्या दिवशी मोटार वर घेताना साखळी सुटून मनगटावर बसली होती. विहिरीशी आल्यावर तो लिंबाखाली बसला आणि म्हणाला, आज तू मोज. मी दोर सोडला, ओढला आणि माझ्या आखूड हाताने मोजला. तीस भरले. मी वहीत तीस लिहिलं आणि दिवसभर त्याला ऐकवत राहिलो की मला आता दुकानात अर्धी भागीदारी दे.

मालक सांगत होते. तुम्ही तिकडे दोर गुंडाळत होते, तेव्हा मी त्याला हळूच म्हटलं, अरे, हे चुकलं, साडेसत्तावीसची आहे. पुन्हा मोजायला लाव त्याला.

"मंग? काय म्हणाला तो?"

"मने, राहू द्या काका. पयल्यांदा मोजली मास्तरनं. तीसच राहू द्या."

मी बाही वर करून टेप माझ्या कोपराला लावला. मधल्या बोटापर्यंत चव्वेचाळीस सेंटिमीटर. मालकांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, धूळ गेली डोळ्यात. त्यांनी सुनेला हाक मारून पाणी मागवलं.

त्या आठवड्यात मी साहेबाला लिहून कळवलं की हात अठ्ठेचाळीस सेंटिमीटरचा, स्वतः मोजून खात्री केलेला, आणि आकडे मीटरमध्ये करायला घेतले. साहेबाने आभार मानले. दोनशे सहा झाल्या, ती एक राहिली. दोन दिवस मी तिला तशीच ठेवली. खरा आकडा तेरा पूर्णांक दोन होता, त्यात शंका नव्हती. पण तो लिहिला की तीस पुसला जाणार होता, आणि कोणाचा अर्धा हातही सोडून न देणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच, माझ्यासाठी, अडीच हात सोडून दिले होते. ते फक्त त्या एका चुकीच्या आकड्यात होते. तिसऱ्या दिवशी मी तेरा पूर्णांक दोन लिहिलं, कारण चुकीचं राहू देणं त्याला जमलं तसं मला जमणार नव्हतं, आणि उद्या कोणी त्या विहिरीत मोटार सोडली असती. बटण दाबलं. तीस गेला. मी बायकोला हाक मारली आणि ती आल्यावर तिला नकाशावरची ती विहीर दाखवली.